अल्फा कण, पेशी आणि ‘सर्व’ हा शब्द

काही महिन्यांपूर्वी एका औषधनिर्मात्याचे माहितीपत्रक आमच्या हाती आले. तुळस, आमलकी व अश्वगंधा यांपासून सिद्ध केलेला तो कल्प ‘सर्व प्रकारच्या किरणोत्सर्गापासून पेशींचे रक्षण करतो’ असे त्यात ठळक अक्षरांत छापले होते. द्रव्यांविषयी आम्हांस शंका नव्हती. शंका आली ती ‘सर्व’ या शब्दाची. किमोथेरपी वा रेडिएशन घेतलेले रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात नित्य येतात. त्यांच्या हाती असे पत्रक पडले तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. म्हणून किरणोत्सर्गाचा जो प्रकार या शब्दात बसत नाही, त्या अल्फा कणांविषयी प्रयोगशाळेने काय दाखविले आहे ते येथे पाहू.

अल्फा कण म्हणजे हेलियमचे अणुकेंद्रक. दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचा जड, विद्युत्भारित गोळा. पोलोनियम-२१० मधून सुटणारा कण ५.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा घेऊन निघतो, तरी हवेत चारेक सेंटिमीटर जाऊन थांबतो. साधा कागद त्याला अडवितो, त्वचेचा मृत बाह्यस्तरही अडवितो. शरीरात त्याची धाव सुमारे ४० मायक्रॉन, म्हणजे मोजक्या पेशींच्या जाडीएवढी. सर्पविष अखंड त्वचेवर पडले तर सहसा बाधत नाही, व्रणातून रक्तात गेले की मारते. अल्फा उत्सर्जक द्रव्यांचेही तसेच आहे. श्वासातून आत गेलेला रेडॉन वायू व त्याची अपत्यद्रव्ये फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होतात, हे खाणकामगारांच्या अभ्यासातून सिद्ध झालेले आहे.

या अल्प धावेमुळे प्रयोगाची मांडणीही निराळी करावी लागते. नेहमीच्या काचेच्या वा प्लॅस्टिकच्या बशीचा तळ कण ओलांडूच शकत नाही. म्हणून मायलरच्या, काही मायक्रॉन जाडीच्या पटलाचा तळ असलेली बशी घेतात. पेशी त्या पटलावर चिकटून वाढतात आणि किरणस्रोत खालून ठेवतात. ठराविक मात्रा दिल्यावर पेशी सोडवून, विरळ पेरून दहा-पंधरा दिवस उबवणीत ठेवतात व किती पेशींपासून वसाहती झाल्या ते मोजतात. पक व मार्कस यांनी १९५६ साली हेला पेशींवर क्ष-किरणांचा परिणाम याच रीतीने मोजला होता. दिसायला जिवंत, पण विभाजन करू न शकणारी पेशी या गणनेत मृतच धरली जाते.

नेदरलँड्समधील रायस्वाइक येथे बॅरेन्डसेन व सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात मानवी पेशींवर केलेले काम आमच्या मते प्रत्येक वैद्याने समजून घ्यावे असे आहे. क्ष-किरणांची मात्रा वाढवीत नेली तर आरंभी पेशी तग धरतात, कारण झालेली इजा त्या दुरुस्त करीत असतात. मग आलेख वेगाने उतरतो. अल्फा कणांच्या आलेखात हा आरंभीचा खांदाच नाही. तो पहिल्या मात्रेपासून सरळ खाली येतो. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. प्राणवायूच्या उपस्थितीत क्ष-किरणांची मारकता सुमारे अडीच पटींनी वाढते. अडीच दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या मंद अल्फा कणांच्या बाबतीत प्राणवायू असो वा नसो, फरक पडला नाही.

याचा अर्थ काय? क्ष-किरण व गॅमा किरणांची बरीचशी हानी अप्रत्यक्ष असते. पेशीतील पाण्यापासून मुक्तमूलके निर्माण होतात आणि ती डीएनएवर आघात करतात. ही मूलके वाटेतच टिपणारे द्रव्य आधी दिलेले असेल तर हानी घटते. मणिपाल येथील कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात प्रा. पी. उमा देवी व सहकाऱ्यांनी तुळशीतील ओरिएन्टिन व व्हायसेनिन यांचे रक्षक गुण उंदरांवर दाखविले ते गॅमा किरणांच्या संदर्भात, आणि ते काम अभिमानास्पद आहे. अल्फा कण मात्र आपल्या मार्गात इतके दाट आयनीभवन करतो की डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळ अनेक ठिकाणी तुटतात. तेथे मध्यस्थ मूलकाची फारशी गरजच उरत नाही. मग मूलक टिपणारे द्रव्य कोणाला थोपविणार?

येथेच विषय संपला असता तर आमचे बरेच कष्ट वाचले असते. पण १९९२ साली हार्वर्डच्या नागासावा व लिटल यांनी इतकी अल्प मात्रा दिली की एक टक्क्याहूनही कमी पेशींच्या केंद्रकातून कण गेला असावा. प्रत्यक्षात गुणसूत्रांतील बदल मात्र सुमारे तीस टक्के पेशींत आढळले. ज्यांना कण शिवलाही नाही त्या शेजारच्या पेशींनीही परिणाम भोगला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सूक्ष्मशलाकेने एकेका पेशीवर मोजून कण सोडण्यात आले. १९९७च्या निष्कर्षानुसार केंद्रकातून एक कण आरपार गेला तरी पाचांपैकी सुमारे चार पेशी जगल्या, परंतु त्यांच्यातील उत्परिवर्तने वाढली. मरण पावलेल्या पेशीपेक्षा ही जगलेली पेशी अधिक चिंतेची. १९९९ साली केवळ पेशीद्रवातून कण नेला तरी उत्परिवर्तने झाली, आणि मूलके टिपणारे डीएमएसओ घातल्यावर ती घटली. शेजारपरिणामही सुपरऑक्साइड डिस्म्युटेजमुळे उणावतो, असे दिसून आले आहे.

म्हणजे थेट वेध झालेल्या केंद्रकासाठी आपल्या रसायन द्रव्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. शेजारच्या पेशींसाठी मात्र प्रश्न खरोखर खुला आहे. (चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २३व्या अध्यायात विषाचे दहा गुण सांगितले आहेत. त्यातील तीक्ष्ण, सूक्ष्म, व्यवायी हे शब्द अल्फा कणास चिकटविण्याचा मोह आम्हांसही झाला. पण शब्द जुळल्याने प्रयोग होत नाही.)

प्रयोग अशक्य नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात पेशींवर अल्फा किरण सोडण्याचे उपकरण घडविले गेले आहे आणि त्यावर फुप्फुसाच्या पेशींचा अभ्यासही झाला आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रमाणित, विद्रावकाचा अंश तपासलेला अर्क घेऊन अशा केंद्राशी सहकार्य मागावे. एक बशी थेट किरणित पेशींची, दुसरी त्यांच्या माध्यमात वाढविलेल्या अकिरणित पेशींची, दोन्हींत अर्क देऊन व न देता. शिवाय अर्काची स्वतःची विषारिता पाहणारी एक. दुसऱ्या बशीत फरक पडला आणि पहिलीत पडला नाही, तरी तो प्रसिद्ध करण्याजोगा निष्कर्ष होय. दोन्हींत पडला नाही तर तोही प्रसिद्ध करावा. आपल्याकडे नकारात्मक निष्कर्ष कपाटात ठेवण्याची रीत आहे, ती आम्हांस मान्य नाही.

आणखी एक सावधगिरी. २०१३ पासून अस्थींत पसरलेल्या पौरुष ग्रंथीच्या कर्करोगासाठी रेडियम-२२३ हे अल्फा उत्सर्जक औषध म्हणून अमेरिकेत मान्य आहे. तेथे पेशी मारणे हाच हेतू असतो. असा रुग्ण आला तर ‘रक्षक’ म्हणून काही देण्यापूर्वी त्याच्या कर्करोगतज्ज्ञाशी बोलावे; आपण नेमके कोणाचे रक्षण करीत आहोत, हे बशीत अजून पाहिलेले नाही.

त्या औषधनिर्मात्यास आम्ही पत्र लिहिले. ‘सर्व प्रकारच्या किरणोत्सर्गापासून’ हे शब्द काढून त्याजागी ‘प्राण्यांवरील प्रयोगांत गॅमा किरणांपासून’ असे छापावे, अशी विनंती केली. उत्तरादाखल त्याच पत्रकाच्या पन्नास प्रती आल्या.