शक्ती-तुरा

शक्ती-तुरा : कोकणातील सवालजवाबात्मक लोकगायनाचा व त्यास जोडलेल्या समूहनृत्याचा एक प्रकार. नृत्याच्या अंगास ‘जाखडी’ म्हणतात. मुंबईत ‘बाल्या नाच’ हे नाव अधिक रूढ आहे. रत्नागिरी जिल्हा आणि रायगड जिल्ह्याचा दक्षिण भाग, विशेषतः महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा हे तालुके, हे त्याचे प्रमुख क्षेत्र होय. गौरी-गणपतीचे दिवस हा त्याचा मुख्य काळ. तथापि मुंबईच्या नाट्यगृहांतून तिकीट लावून होणारे त्याचे सामने आता सणाच्या दिवसांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत.

‘जाखडी’ हा शब्द ‘जखडणे’ या क्रियापदावरून आला असावा, असे सांगतात. नर्तक एकमेकांशी बांधल्यासारखे एका कड्यात फिरतात, हा त्यामागील आधार. ‘बाल्या’ या नावाची हकीकत निराळी आहे. कोकणातून मुंबईस घरकामासाठी वा गिरणीत काम करण्यासाठी गेलेल्या कुणबी तरुणांच्या कानांत बाळी असे, त्यावरून शहरातील लोक त्यांना ‘बाल्या’ म्हणू लागले, अशी एक उपपत्ती आहे. शब्दात हेटाळणीचा सूर होता हे उघड आहे. ज्यांना तो लावला गेला, त्यांनी तो आपल्या नृत्याच्या नावात ठेवून घेतला. आजही काही मंडळे मात्र जाहिरातीत ‘जाखडी’ किंवा ‘शक्ती-तुरा’ हीच नावे कटाक्षाने वापरतात.

महाराष्ट्राच्या शाहिरी परंपरेतील कलगी-तुरा या जुन्या द्वंद्वाचे हे कोकणी रूप होय. कलगी पक्ष शक्तीस, म्हणजे मायेस किंवा प्रकृतीस, श्रेष्ठ मानतो. तुरा पक्ष शिवास, म्हणजे पुरुषतत्त्वास. घाटावर शाहीर आपापल्या पक्षाचे चिन्ह डफावर मिरवीत आणि भेदिक लावण्यांतून एकमेकांस आध्यात्मिक कूटप्रश्न घालीत. कोकणात कलगीऐवजी ‘शक्ती’ हे नाव स्थिरावले. शक्तीवाले आपली परंपरा नागेश या कवीपर्यंत नेतात व आपल्या घराण्यास ‘नागेशवळी’ म्हणतात. तुरेवाले शंभुराजू घराण्याचे म्हणवितात. या मूळपुरुषांविषयीच्या कथा बहुतांशी मौखिक आहेत. त्यांवरून कालनिर्णय करण्याचा मोह टाळलेला बरा. पक्षभेद तत्त्वज्ञानाचा असला, तरी व्यवहारात तो गुरुपरंपरेचा असतो : ज्या गुरूकडून पदे शिकली, त्याचा पक्ष तो आपला पक्ष.

सादरीकरणाची रचना साधी आहे. मध्यभागी मुख्य गायक (यास शाहीर किंवा बुवा म्हणतात), ढोलकी अथवा मृदंग वाजविणारा, झांज वाजविणारा आणि साथ करणारे झीलकरी बसतात. त्यांच्याभोवती आठ-दहा किंवा त्याहून अधिक नर्तक कडे धरतात. प्रत्येकाच्या एका पायात चाळ (घुंगरू) बांधलेले असतात. गायकाने ओळ म्हणावयाची, झीलकऱ्यांनी ती उचलावयाची आणि ढोलकीची लय चढत जाईल तसे कड्याचे पदन्यास बदलावयाचे, असा क्रम चालतो. पुढे-मागे झेप, गिरकी, खाली वाकून उठणे यांत सर्वांचे पाऊल एकाच वेळी पडणे, याला जाणकार महत्त्व देतात. एकच चाळ असल्यामुळे चुकलेले पाऊल लपत नाही. पोशाख पूर्वी धोतर, सदरा व डोक्यास पटका किंवा टोपी असा असे. अलीकडे चमकदार कापडाचे एकसारखे गणवेश आले आहेत.

आरंभी गणेशाचे स्तवन होते. त्यास गण म्हणतात. त्यानंतर कृष्णलीलेवरील गौळण आणि मग सामन्याचा खरा भाग, म्हणजे सवाल-जवाब. एका पक्षाचा शाहीर पुराणातील एखादा अवघड संदर्भ पदातून विचारतो. दुसऱ्याने त्याच रात्री, शक्य तर त्याच चालीत, उत्तर द्यावयाचे असते. उत्तर चुकल्यास श्रोतेच ते लक्षात आणून देतात. हे शक्य होते याचे कारण श्रोत्यांचाही त्या ग्रंथांशी परिचय असे. श्रीधराचे (१६५८–१७२९) हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप व शिवलीलामृत हे ग्रंथ महाराष्ट्राच्या खेड्यांतून वाचले जात. ज्याला अक्षरओळख नव्हती तोही श्रवणाने त्यांतील कथा जाणत असे. शाळा दूर किंवा मुळीच नसलेल्या डोंगरवाड्यांत या सामन्यांनी एक प्रकारच्या पाठशाळेचे काम केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. शाहिराची हस्तलिखित वही, अर्थात बाड, ही तिची पाठ्यपुस्तके होत. गुरूने शिष्यास वही उतरवून घेऊ देणे, ही त्या शिक्षणाची पदवी मानली जाई.

सवाल-जवाबाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. प्रतिपक्षास टोमणा मारणे हा या कलेचा अंगभूत भाग आहे आणि चांगल्या शाहिराच्या तोंडी तो रंगतो. परंतु जेथे पुराणांचा आधार सुटतो, तेथे टोमण्याची जागा वैयक्तिक चिखलफेक घेते. शिट्ट्या मिळविण्यासाठी मुद्दाम अश्लील पदे रचण्याची खोड काहींना लागली आहे, अशी जुन्या शाहिरांची तक्रार असते. चित्रपटगीतांच्या चाली घेण्याविषयीही अशीच तक्रार होते. ती मात्र तितकीशी न्याय्य वाटत नाही. लोकप्रिय चाल उचलून तिच्यावर आपले पद बसविणे हे शाहिरांनी पूर्वापार केले आहे.

या कलेचा कोकणच्या अर्थव्यवस्थेशी असलेला संबंध समजण्यास सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख पाहावा. पोलादपूर तालुक्यातील कापडे हे गाव पोलादपूर–महाबळेश्वर मार्गाच्या परिसरात, सावित्रीच्या खोऱ्यात वसले आहे. तानाजी मालुसऱ्याचे उमरठ याच तालुक्यात येते. पाऊस अतोनात, जमीन उताराची व तुकड्यातुकड्यांची. सखल भागात भात आणि वरकस जमिनीवर नाचणी व वरी, अशी मुख्यतः पावसाळी शेती. ती कुटुंबाचे वर्ष भागवू शकत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, मुंबईत कापडगिरण्या वाढू लागल्या तसतसे, येथील तरुण मुंबईस जाऊ लागले व ‘चाकरमानी’ झाले. आषाढात लावणी आटोपल्यावर गावी उरलेल्यांची तालीम सुरू होई. गणपतीस चाकरमानी परतत आणि कडे पूर्ण होई. गौरीच्या रात्री घरोघरच्या अंगणांत नाच फिरे. पालख्यांचे उत्सव हा दुसरा मेळाव्याचा काळ. त्यांत शिमगा येतो, तसाच महाशिवरात्रीच्या सुमारास होणारा महाडच्या वीरेश्वराचा छबिनाही येतो.

उत्सव सर्वांचा असे म्हणताना एक मर्यादा विसरता येत नाही. वाड्या बहुधा जातवार वसलेल्या, आणि नाचाचे कडे वाडीचे. महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेली परिषद आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील चवदार तळ्याचा सत्याग्रह यांनी या भागातील सार्वजनिक जीवनाचा प्रश्न उघड्यावर आणला. त्या चळवळीने पुढे स्वतःचे गायन निर्माण केले. सत्यशोधक जलशांच्या धर्तीवर उभे राहिलेले आंबेडकरी जलसे व भीमगीते हे ते गायन होय. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी लोकपरंपरेतील गीतप्रकार घेऊन त्यांत प्रबोधनाचा आशय भरला. २० मार्चला महाडच्या तळ्याकाठी जमणाऱ्या जनसमुदायास त्या गीतांचा वारसा परका नाही. एकाच तालुक्यात गौरीचे कडे आणि भीमगीतांचा मंच ही दोन्ही केंद्रे आहेत. त्यांचा एकत्र अभ्यास फारसा झालेला नाही.

मुंबईत गावोगावच्या चाकरमान्यांनी लालबाग, परळ, शिवडी या गिरणभागात भाड्याच्या सामाईक खोल्या घेतल्या व गावाची मंडळे स्थापिली. गावातील देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची योजना, शाळेची इमारत यांसाठी निधी उभा करण्याचे एक साधन म्हणून शक्ती-तुऱ्याचे सामने नाट्यगृहांत होऊ लागले. परळचे दामोदर नाट्यगृह (१९२२) हे त्यांचे आवडते स्थान. ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या वास्तूतील हे सभागृह कोकणी लोककलांना परवडणाऱ्या दरात मिळत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सु. अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या मिटत गेल्या, गिरणगाव विखुरले, आणि प्रेक्षक वसई, विरार, दिवा, डोंबिवलीकडे पांगला. सामने थांबले नाहीत. पण एका हाकेवर जमणारी वस्ती राहिली नाही.

स्थलांतरित समाज आपली कला सणाच्या व शिक्षणाच्या आधारे टिकवितो, हे इतरत्रही आढळते. मेक्सिकोतील ग्वानाह्वातो, केरेतारो व सान लुईस पोतोसी या प्रांतांच्या डोंगराळ भागात ‘वापांगो आरिबेन्यो’ नावाचा गायनप्रकार आहे. त्यात दोन कविगायक समोरासमोरच्या उंच मंचांवर बसून रात्रभर, दशपदी कडव्यांत, एकमेकांस आव्हान देतात आणि खाली लोक नाचतात. या सामन्यास ‘तोपादा’ म्हणतात. शक्ती-तुऱ्याशी त्याचे साम्य इतके आहे की, दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही हे मुद्दाम सांगावे लागते. तेथील मजूर टेक्सस राज्यात गेले आणि त्यांच्याबरोबर तोपादाही गेली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लॅटिन अमेरिकी वंशाच्या समाजाच्या वारशासाठी १९६८ मध्ये अधिकृत सप्ताह ठरला व १९८८ मध्ये त्याचा महिना झाला. परंतु वर्षभराचे काम स्थानिक संस्था करतात. सान अँटोनिओ येथील ग्वादालूपे सांस्कृतिक कला केंद्र १९८० मध्ये स्थापन झाले व १९८२ पासून त्याने मेक्सिकी-टेक्ससी वाद्यवृंदांचा महोत्सव भरविला. क्यूबातील ‘पुंतो’ या आशुकवितेच्या गायनास युनेस्कोच्या सूचीत २०१७ मध्ये स्थान मिळाले. तेथे सरकारी संस्कृतिगृहांतून कडवे रचण्याचे वर्ग चालतात. उत्स्फूर्त रचना शिकविता येत नाही, या समजुतीस त्या वर्गांनी उत्तर दिले आहे.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचे अध्यापन होते, आणि शालेय स्नेहसंमेलनांतून जाखडीचे पदन्यास बसविले जातात. पदन्यास मुलांना लवकर येतात. सवालाला जबाब देण्याचे शिक्षण मात्र अद्याप गुरूच्या ओटीवरच मिळते, आणि त्यासाठी मूल गावात राहिले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील १६,९६,७७७ वरून २०११ मध्ये १६,१५,०६९ पर्यंत उतरली. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतही बंद घरे सर्रास दिसतात. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली व पोलादपूर तालुक्यातही वस्त्या गाडल्या गेल्या, तेव्हापासून डोंगराच्या कुशीत राहावे की नाही हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. कडे धरण्यास पुरेसे तरुण न मिळाल्याने दोन वाड्यांनी मिळून एक नाच करणे, किंवा नर्तक मुंबईतच तालीम करून गणपतीच्या आदल्या दिवशी गावी उतरणे, असे उपाय योजले जातात.

मुलींची व स्त्रियांची स्वतंत्र पथके आणि स्त्री-शाहीर हा अलीकडील विशेष होय. पुरुषांपुरत्या असलेल्या या कड्यात तो सहज स्वीकारला गेला नाही. तथापि स्त्री-शाहिरांच्या सामन्यांना गर्दी होते. ध्वनिफितींनंतर यूट्यूबवरून सामन्यांचे चित्रण घरोघर पोहोचले आणि पदे वहीतून न उतरविता ऐकून पाठ करण्याची सोय झाली. वह्या मात्र फारशा छापल्या गेलेल्या नाहीत. दमट हवेत, पेटाऱ्यांत पडून त्या जीर्ण होत आहेत. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले तेव्हा कोकणी कलावंतांनी त्यास विरोध केला. नव्या वास्तूत नाट्यगृह त्याच आकाराचे व त्याच दरात मिळावे, अशी त्यांची मागणी होती.