दिवसाचे एक वचन

सकाळी स्नान आटोपून देवापुढे दिवा लावावा, दोन ओव्या म्हणाव्यात आणि मग संसाराच्या कामाला लागावे, ही रीत आपल्या घरांतून चांगली परिचयाची आहे. वारकऱ्याच्या घरी हरिपाठ होतो, कोठे दासबोधाचा एखादा समास रोज वाचला जातो. पण याच सवयीविषयी एक शंकाही आपल्या मनात अधूनमधून येते. जे रोज नेमाने करायचे ते मनापासून होईलच कशावरून? आईबापांनी हात धरून देवापुढे बसवलेल्या मुलाची श्रद्धा ही त्याची स्वतःची श्रद्धा म्हणावी काय? नेम आणि मोकळेपणा हे एकमेकांचे सोबती की वैरी? ख्रिस्ती समाजात रोजच्या चिंतनाची जी परंपरा आहे, तिच्या इतिहासात या प्रश्नाचा फार चांगला उलगडा होतो, म्हणून आज तिचाच विचार आम्ही करणार आहोत.

प्रथम हा नेम कसा जन्मास आला ते पाहू. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात काउंट झिंझेनडॉर्फ नावाचा एक तरुण सरदार होता. शेजारच्या मोराव्हियात धर्माच्या कारणाने छळ झालेली काही कुटुंबे घरदार सोडून निघाली, तेव्हा १७२२ साली त्याने आपल्या जमिनीवर त्यांना आसरा दिला. तेथे जे खेडे वसले त्याचे नाव हर्नहूट. धर्मस्वातंत्र्यासाठी सर्वस्वावर पाणी सोडून आलेली ही माणसे. त्यांच्यात सगळे गोडीगुलाबीचेच होते असे नाही. प्रत्येकाचे मत वेगळे आणि ते सोडायची तयारी थोडी. पहिल्या पाच वर्षांत भांडणे इतकी माजली, की वसाहत मोडते की काय असे वाटू लागले. १७२७ मध्ये त्यांचा समेट झाला. पुढच्या वर्षी, ३ मे १७२८ रोजी, संध्याकाळच्या भजनाच्या वेळी झिंझेनडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी म्हणून सर्वांना एक छोटेसे वचन दिले. तेव्हापासून रोज सकाळी मंडळीतील कोणीतरी दारोदार जाऊन त्या दिवसाचे वचन सांगू लागला. त्या वेळी गावात घरे होती सारी बत्तीस. वचन घेऊन येणारा घरातल्यांची विचारपूस करी, दुखणेभाणे पाही, दोन शब्द बोले आणि पुढच्या घराकडे वळे.

या वचनाला ते 'लोझुंग' म्हणत. या शब्दाचा एक अर्थ पहारेकऱ्याचा परवलीचा शब्द असा आहे. रात्रीच्या अंधारात आपला माणूस कोण हे परवलीने कळते, तसे दिवसाच्या धकाधकीत आपण कोणाचे आहोत हे या वचनाने कळावे, अशी ती कल्पना. १७३१ या वर्षासाठी या वचनांचे पहिले पुस्तक छापले गेले, आणि तेव्हापासून आजतागायत ते दरवर्षी निघत आले आहे. आज पन्नासहून अधिक भाषांत ते वाचले जाते. आपल्या देशातही या पंथाची मंडळी १८८५ साली लडाखात लेह येथे जाऊन राहिली, आणि तेथे त्यांचे प्रार्थनामंदिर आहे.

आता वचन निवडायचे कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. बायबलच्या जुन्या करारातील सुमारे अठराशे वचनांचा संग्रह हर्नहूट येथे ठेवलेला आहे. त्यातून वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकेक वचन चिठ्ठी टाकून काढतात. मग त्याला शोभेल असे नव्या करारातील दुसरे वचन विचारपूर्वक निवडतात, आणि जोडीला एखादे पद किंवा प्रार्थना देतात. म्हणजे पहिले वचन आपल्या निवडीचे नव्हे, ते आपल्याकडे येते. दुसऱ्यात मात्र माणसाची बुद्धी आणि विवेक यांना काम आहे. या जोडणीत मोठे शहाणपण आहे. आपणच रोज आपल्या आवडीचे वचन निवडू लागलो, तर रागावलेल्या दिवशी दुसऱ्याला लागू पडणारे वचन निवडू आणि आळसाच्या दिवशी विश्रांतीचे! जे वचन आपण मागितलेले नाही तेच पुष्कळदा आपल्याला जागे करते.

पण चिठ्ठी म्हटली की कोकणातल्या श्रोत्यांना देवाचा कौल आठवल्याशिवाय राहणार नाही. देवाने कौल दिला, आता आपण कोण बोलणार? ही अडचण हर्नहूटच्या मंडळींनाही आली. त्यांनी चिठ्ठीचा उपयोग वचनापुरता ठेवला नाही. कोणाला परदेशी धाडायचे, एवढेच काय, कोणाचे लग्न कोणाशी व्हावे, हेदेखील ते चिठ्ठी टाकून ठरवू लागले. वधूला नकार देण्याची मोकळीक होती हे खरे. पण मंडळीने देवाची इच्छा म्हणून जे सांगितले त्याला एकट्या मुलीने नाही म्हणणे किती कठीण, हे आपल्या समाजात निराळे सांगायला नको. पुढच्या पिढीतील तरुणांना हे जाचू लागले, आणि सर्वसामान्य सभासदांच्या लग्नासाठी चिठ्ठीची सक्ती १८१८ मध्ये उठवण्यात आली. वचनाचे पुस्तक मात्र राहिले. चिठ्ठी जेथे माणसाचा निर्णय हिरावून घेत होती तेथे ती गेली, आणि जेथे ती विचाराला खाद्य देत होती तेथे टिकली. आमच्या मते या परंपरेतील मर्म येथेच आहे.

याची कसोटी आमच्या आठवणीतल्या शतकातच एका माणसाच्या आयुष्यात लागली. डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन धर्मोपदेशक हिटलरच्या राजवटीचा विरोधक होता. फिन्केनवाल्डे येथे तो तरुण उपदेशकांना शिकवी, आणि रोज सकाळी अर्धा तास एकाच उताऱ्यावर मुकाट्याने चिंतन करण्याचा नेम त्याने तेथे घातला होता. १९३७ मध्ये गुप्त पोलिसांनी ती शाळा बंद पाडली. जून १९३९ मध्ये मित्रांच्या खटपटीने तो न्यूयॉर्कला सुखरूप पोचला. पण तेथे त्याच्या जिवाला चैन पडेना. २० जूनला त्याने तेथे राहण्यास नकार कळवला. २४ जूनच्या वचनात श्रद्धावंत माणूस पळ काढीत नाही असा भाव होता. २६ जूनला त्याने पौलाचा तिमथ्याला धाडलेला निरोप वाचला, की हिवाळ्यापूर्वी येऊन पोच. हा निरोप आपल्यालाच आहे असे मानले तर तो शास्त्राचा दुरुपयोग होणार नाही, अशा अर्थाची नोंद त्याने रोजनिशीत केली. जुलैत तो मायदेशी निघाला.

या तारखांचा क्रम श्रोत्यांनी नीट ध्यानात घ्यावा. निर्णय आधी झाला होता. वचने नंतर आली. पुस्तकाने त्याला हुकूम दिला नाही. देशबांधवांचे संकट वाटून घेतले नाही तर उद्या देश पुन्हा उभारण्याच्या कामात भाग घेण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही, हा विचार त्याचा स्वतःचा होता. वर्षानुवर्षांच्या चिंतनाने त्याचे मन असे घडले होते, की योग्य वचन समोर येताच ते त्याला ओळखू आले. १९४३ मध्ये तो पकडला गेला. २० जुलै १९४४ रोजी हिटलरला मारण्याचा कट फसला. आता आपली धडगत नाही हे उघड झाल्यावर दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या पत्रातही, कालच्या आणि आजच्या वचनांनी आपल्याला आनंद दिल्याचे तो मित्राला कळवतो. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिले. तुरुंगाच्या कोठडीत ज्याचे अंतःकरण बांधले गेले नाही, त्याला आत्म्याचे स्वातंत्र्य नाही तर काय म्हणावे?

आता घराकडे वळू. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या मुलाला घेऊन काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी आपल्या मनाशी केला, त्याचे उत्तर स्वतः शोधले, आणि १९०० साली स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागोमाग बायको, असा त्या काळचा रिवाज असता ही बाई पाच वर्षे थांबली! म्हणूनच तिची श्रद्धा उसनी राहिली नाही. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे तिने पुरे केले, आणि 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी भाषेला कायमचे ऋणी केले. ज्या घरात एकाने दुसऱ्यासाठी वाट पाहिली, त्या घरातून असे लेणे निपजले.

मग रोजचे चिंतन घरात कसे करावे? वेळ थोडा असावा. लांबलेली प्रार्थना मुलांना शिक्षेसारखी वाटते. वचन वाचून झाल्यावर लगेच त्याचा उपदेश करू नये. क्षणभर गप्प बसावे. त्या वचनाने दुसऱ्याला टोचू नये, आधी स्वतःला पुसावे. सुट्या वचनांवर सगळी भिस्त ठेवू नये. मूळ ग्रंथ सलग वाचला पाहिजे, हे खुद्द बॉनहोफरनेही बजावले आहे. आणि घरातला एखादा जण या बैठकीला आला नाही, तर त्याचे ताट जसे आपण झाकून ठेवतो तशी त्याची जागा राखून ठेवावी, दार लावून घेऊ नये.

हर्नहूटचा तो माणूस सकाळी दाराशी येई, वचन सांगे आणि पुढच्या घरी जाई. ते वचन घरात घ्यायचे की नाही, हे घरच्या माणसांवर सोपवलेले असे. आमच्या मते श्रद्धेचे कोणतेही घर याच रीतीने मोकळे राहते.