घरच्या बीअरची फिरती तोटी

अमेरिकेत स्वतःपुरती बीअर घरी बनवण्याची मुभा केंद्रीय कायद्याने मिळाली ती अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली विधेयकावर स्वाक्षरी केल्यानंतर. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी मात्र तिथल्या हौशी मंडळींना २०१३ पर्यंत ताटकळत ठेवले. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे १९४९च्या मद्यनिषेध कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा हा छंद तिकडचाच.)

बीअर घरी तयार झाली, तरी ती सहलीला नेऊन थंडगार वाढायची कशी? फ्रिज काही मैदानावर नेता येत नाही. यावर तिथे रुळलेला उपाय म्हणजे 'जॉकी बॉक्स'. सहलीला नेतात तशी प्लॅस्टिकची बर्फपेटी घ्यायची, तिच्या एका बाजूला छिद्र पाडून नळ बसवायचा आणि आत स्टेनलेस स्टीलच्या बारीक नळीचे वेटोळे ठेवायचे. नळीचे एक टोक नळाला, दुसरे बीअरच्या पिंपाला. हे पिंप बहुधा १९ लिटरचे, मूळचे शीतपेयांच्या सरबतासाठी बनवलेले. शीतपेय कंपन्या पिशव्यांकडे वळल्या आणि ही पिंपे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली.

पेटीत बर्फाबरोबर पाणीही हवे. नुसत्या बर्फाचे खडे नळीला जागोजागीच टेकतात, पाणी तिला सर्व बाजूंनी वेढते. मग कोमट बीअरही वेटोळ्यातून जाता जाता काही सेकंदांत गार होते.

खरी परीक्षा फेसाची. कर्बवायू थंड द्रवात अधिक विरघळतो आणि कोमट द्रवातून निसटू पाहतो. बाहेर ठेवलेल्या पिंपातील वायू बीअरमध्येच राहावा, यासाठी दर चौरस इंचाला २५ ते ३० पौंड दाब द्यावा लागतो. फ्रिजमधल्या पिंपाला १०-१२ पौंड पुरतात. एवढ्या दाबाने बीअर थेट नळातून सुटली, तर पेल्यात निव्वळ फेस! म्हणून नळी १५ मीटर किंवा त्याहून लांब घेतात. आतल्या घर्षणाने दाब हळूहळू खर्ची पडतो आणि बीअर संथपणे पेल्यात उतरते. आखूड नळी घेऊन पैसे वाचवणारे बहुधा इथेच फसतात.

वायूच्या सिलिंडरशी मात्र खेळ नको. साध्या तापमानालाही त्यात ८०० पौंडांहून अधिक दाब असतो, तर पिंप जेमतेम १३० पौंड सोसते. त्यामुळे मध्ये रेग्युलेटर हवाच. सिलिंडर आडवा झाल्यास द्रवरूप वायू रेग्युलेटरमध्ये शिरतो, म्हणून तो उभा बांधून ठेवावा. तापलेल्या बंद मोटारीत तर तो कधीच सोडू नये. वायू गळला तर हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि त्याला वास नसल्याने आत बसणाऱ्याला गुदमरेपर्यंत पत्ता लागत नाही.

मेजवानी आटोपली की पिंपातला जादा दाब सोडून द्यावा, नाहीतर उरलेल्या बीअरमध्ये आणखी वायू मुरून दुसऱ्या दिवशी फेसच हाती येतो. वेटोळेही त्याच रात्री धुवावे. आत वाळलेली बीअर काढायला ब्रश पोहोचत नाही.