सणाचा फराळ आणि रविवारची पंगत

'ऋण काढून सण करू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु सणाचे ऋण केवळ वाण्याच्या वहीतच चढते असे नाही. ते घरातील चुलीपाशीही चढते, आणि तेथे त्याची नोंद कोणीच ठेवीत नाही. नाताळच्या आदल्या दोन रात्री आई कढईसमोर बसून काढते. 25 डिसेंबरला उपासनेहून परतल्यावर ती सर्वांस वाढते आणि सर्वांची जेवणे आटोपल्यावर निवालेले अन्न एकटीच खाते. दिवाळी असो वा ईद असो, बहुतेक घरी हाच प्रकार दिसून येतो. ज्या दिवशी सर्वांनी आनंद करावयाचा, त्याच दिवशी घरातील एक माणूस आनंदास मुकते, ही गोष्ट विचार करण्याजोगी नाही काय?

यावर उपाय सोपा आहे. सणाचे काम दोन रात्रींत न कोंबता आठवड्याआठवड्यांवर वाटून द्यावे, आणि ते वाटून घेण्यासाठी आठवड्यातून एकदा तरी सर्व कुटुंबाने एका पंगतीस बसावे. ख्रिस्ती घरांस ही सोय आयतीच लाभली आहे. नाताळपूर्वीचे चार रविवार हे आगमनकाळाचे रविवार होत. त्यांतील पहिला 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. म्हणजे चार पंगती व चार बेत हाती असतात. इतर सणांसही हाच क्रम लावता येईल.

रविवारचे जेवण खर्चाचे असावे असे मुळीच नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात त्या दिवसांत शेतच उदार असते. ज्वारीत उडीद व थोडे मीठ मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, एवढ्यावर उत्तम पंगत होते. कळणा ही आपल्या वाडवडिलांची केवळ आवड नव्हे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा शरीरवर्धक घटक कमी असतो व तो उडदात भरपूर असतो. म्हणून दोन्ही मिळून अन्न अधिक पौष्टिक होते. दुसऱ्या रविवारी वरण-बट्टी करावी. नवापूरची तूरडाळ तर इतकी नावाजलेली आहे की, तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती घरच्या हंडीत शिजत असता परगावच्या पक्वान्नांचा हेवा कशास करावा?

आता फराळाकडे वळू. येथे एकच तत्त्व ध्यानी धरावे: ज्या पदार्थात ओलावा कमी तो अधिक टिकतो, म्हणून तो आधी करावा, ज्यात ओलावा अधिक तो शेवटी करावा.

पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर कागद घेऊन बसावे. काय करावयाचे, किती करावयाचे व पैसे किती आहेत, हे सर्वांदेखत ठरवावे. मग गूळ, डाळ, खोबरे हे जिन्नस दर आठवडेबाजारी थोडथोडे आणावेत, म्हणजे एकाच दिवशी उधारीची पाळी येत नाही. त्याच आठवड्यात चकलीची भाजणी करावी. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ व एक वाटी उडदाची डाळ निरनिराळी भाजून, त्यांत धने-जिरे घालून दळून आणावी.

दुसऱ्या रविवारी अनारशांचे तांदूळ भिजत घालावेत. ते तीन दिवस भिजवावयाचे व पाणी रोज बदलावयाचे. बुधवारी उपसून, सावलीत फडक्यावर पसरून, किंचित दमट असतानाच कुटावेत व त्यात किसलेला गूळ आणि थोडे तूप मिसळून गोळे करून ठेवावेत. हे पीठ चार-पाच दिवस मुरले म्हणजे अनारशास जाळी पडते. घाईने जे साधत नाही, ते वेळ दिल्याने साधते, याचे याहून चांगले उदाहरण स्वयंपाकघरात सापडणार नाही!

तिसऱ्या आठवड्यात शंकरपाळे, चकल्या व ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा करावा. शंकरपाळ्यांस दूध, साखर व तूप प्रत्येकी एक वाटी घ्यावे आणि त्यात मावेल तितका मैदा घालून पीठ घट्ट मळावे. तळलेले पदार्थ पूर्ण निवाल्यावाचून डब्यात भरू नयेत. कारण आतील वाफेचे पाणी होऊन ते मऊ पडतात व त्यांस बुरशी येते. चौथ्या आठवड्यात अनारसे तळावेत आणि करंज्या कराव्यात. करंजीत सुके खोबरे घातल्यास ती बरेच दिवस राहते. ओल्या नारळाची मात्र एक-दोन दिवसांत संपवावी लागते. गोड सांजा भरलेल्या सांजोऱ्या अगदी शेवटच्या दिवसासाठी ठेवाव्यात.

विद्यार्थिमित्रहो, यात तुमचा वाटा मोठा आहे. गुळाचा हिशेब लिहिणे, तांदळाचे पाणी बदलणे, करंज्यांस कातणे फिरविणे ही कामे मुलींचीच असा नियम कोणत्याही शास्त्रात नाही. मुलग्यांनीही ती करावीत. रविवारी वाढण्याची पाळी मुलांनी घ्यावी व आईस पहिल्या पंगतीस बसवावे.

आपल्यातील कित्येकांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी गुजरातेत जातात व नाताळात घरी नसतात, हे आम्ही विसरलो नाही. वसतिगृहातील मुलास रिकाम्या घराची आठवण सणाच्या दिवशीच अधिक होते. अशांनी टिकाऊ फराळाचा एक डबा उसाच्या फडावर जाणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवावा, आणि मोठी पंगत होळीसाठी राखून ठेवावी. होळीला सातपुड्यातील माणसे दूरदूरची कामे टाकून गावी परततात, व अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीस तर डोंगर माणसांनी फुलून जातो. पंचांगातील तारीख चुकली तरी चालेल. घर एकत्र बसले म्हणजे त्या दिवशी सण झालाच.

शेजारच्या घरी ताट पाठविण्याची आपली रीतही मोडू नये. दिवाळीत आलेल्या ताटाची परतफेड नाताळात व्हावी, ईदेच्या शिरखुर्म्याची आठवण करंजीने ठेवावी.

पुढील सणाच्या सकाळी डबे भरलेले असतील, वाण्याच्या वहीत आपले नाव नसेल आणि चूल विझवून आई आपल्या शेजारी ताटावर बसलेली असेल. तिच्या पानात पहिली करंजी तुम्ही स्वहस्ते वाढा. मग ती करंजी थोडी वाकडी झाली असली तरी काही बिघडत नाही.