फुगलेली बॅटरी जाते कुठे?

फोनचं मागचं झाकण एका कडेने उचललेलं असतं. "पडला-बिडला नाही हो, आपोआपच उघडला," असं गिऱ्हाईक सांगतं. पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपासच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत हे वाक्य नेहमीचं. जाणता कारागीर फोन टेबलावर उताणा ठेवतो आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवतो. फोन डुगडुगला की निदान झालं, बॅटरी फुगली आहे. मग तो दोनच गोष्टी विचारतो. आत्ता चार्जिंगला होता का? आणि चार्ज किती टक्के आहे?

दोन्ही प्रश्नांमागे एकच हिशेब आहे. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडायला टपलेली असते. चार्ज जेवढा कमी, तेवढी पेट घेण्याची शक्यता कमी, आणि पेटलाच तर आगीचा जोरही कमी. म्हणून काठोकाठ भरलेला फोन तो लगेच उघडत नाही. गरम नसेल तर चार्ज उतरेपर्यंत डोळ्यांसमोर ठेवतो, मग बंद करतो. पुन्हा चार्जिंगला लावायचा प्रश्नच येत नाही.

काम सुरू होण्याआधी टेबल रिकामं होतं. कागद, फोम, थिनरची बाटली, सगळं बाजूला. डोळ्यांवर चष्मा, आणि कोरड्या वाळूने अर्धा भरलेला पत्र्याचा डबा हाताशी. लोखंडी चिमटा आणि कटर लांब ठेवायचे, कारण या कामात सगळ्यात मोठी भीती टोकदार धातूची. हीट गनही बंदच. फुगलेल्या सेलला उष्णता लावायची नसते. आधी बॅटरीचा कनेक्टर सुटतो, तोही प्लॅस्टिकच्या पट्टीने. मग सेलखाली चिकटवलेली पट्टी ओढायची. सरळ रेषेत, संथपणे ओढली तर ती ताणत ताणत अख्खी बाहेर येते; घाई केली की मधेच तुटते. तुटली तर सेल उचकटायचा नाही. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडायचे, चिकटा सैल होईपर्यंत थांबायचं आणि प्लॅस्टिकचं कार्ड सपाट सरकवत न्यायचं. अल्कोहोल स्वतःही पेटणारं, म्हणून मोजके थेंब. सेल कुठेही वाकता कामा नये.

नाकही जागं ठेवावं लागतं. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरची आठवण देणारा वास आला तर सेलला भोक पडून आतला द्रव झिरपतोय हे ओळखायचं. मग पुढचं काम सोडून सेल वाळूत, दार-खिडक्या सताड उघड्या, आणि माणसं बाहेर.

हे सगळं एवढं जपून का करायचं, ते सेलच्या घडणीत आहे. आत तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, एकावर ग्राफाइटचा थर, दुसऱ्यावर लिथियम आणि कोबाल्ट असलेला काळा थर. दोघांच्या मधे प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा. हे सगळं सुरळीच्या वडीसारखं गुंडाळून, दाबून चपटं केलेलं असतं. पडद्याची जाडी साधारण १० ते २५ मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी. दोन्ही पत्रे एकमेकांना टेकू न देण्याची सगळी भिस्त त्या पडद्यावर. थरांमध्ये भिनलेला इलेक्ट्रोलाइट सेंद्रिय द्रावकांचा असतो आणि तो पेट घेतो.

बॅटरी जुनी झाली, उन्हात तापली, वाजवीपेक्षा जास्त चार्ज झाली की हा द्रव विघटित होतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू तयार होतात. पाकीट बंद असल्यामुळे ते आतच साठतात आणि बॅटरी टम्म फुगते. टाचणीने टोचून हवा काढली की ती पूर्ववत होते, हा समज अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तो जिवावर बेतू शकतो. टाचणी आत गेली की ती थर जोडते, शॉर्ट होतो, आणि तोंडाशी असलेला वायूही पेटणाराच असतो.

एकदा शॉर्ट झाला की पुढचं झपाट्याने घडतं. सेल तापतो, शंभर अंशांच्या आसपास ग्राफाइटवरचा संरक्षक थर मोडू लागतो, त्याची उष्णता आणखी भर घालते. १३० अंशांच्या सुमारास पडदा वितळतो. पुढे काळा थर स्वतःच प्राणवायू सोडू लागतो. त्यामुळे वरून झाकण घालून ही आग गुदमरवता येत नाही. तिला थंड करावं लागतं. फोनएवढ्या उपकरणाला भरपूर पाणी हाच उपाय. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटल्याची उदाहरणंही आहेत. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो, म्हणून जवळ थांबून बघत बसायचं नाही.

मोठ्या कंपन्यांनाही याची किंमत कळलेली आहे. २०१६ साली सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ हे फोन जगभरातून परत मागवले. पहिल्या फेरीतच त्यांची संख्या सुमारे २५ लाख होती. अमेरिकेत ग्राहकांना फोन परत पाठवण्यासाठी आतून सिरॅमिक तंतूंच्या कागदाचं अस्तर लावलेली खोकी आणि हातमोजे पाठवले गेले. फोन विमानाने न्यायचा नाही, रस्त्यानेच न्यायचा, अशी सक्त अट होती. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला आजही बंदी आहे, प्रवासी विमानातही आणि मालवाहू विमानातही. कुरियरच्या पाकिटात ती गुपचूप सरकवणं म्हणूनच इतकं धोक्याचं.

आणि फोनच्या बॅटरीहून कितीतरी मोठ्या बॅटऱ्या आता घराघरात आल्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा त्यात जीव गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला ई-बाइकच्या शोरूममध्ये आग लागली. वरच्या हॉटेलात धूर कोंडून आठ माणसं गेली.

दुकानातला सेल निघाला. आता? खरी कसोटी इथून सुरू होते. कनेक्टरच्या टोकावर चिकटपट्टी लावायची, सेल एकटा वाळूत ठेवायचा, डब्याचं झाकण नुसतं टेकवायचं, घट्ट बसवायचं नाही, नाहीतर वायू कोंडतो. डबा सावलीत, लाकूड-कापडापासून लांब. घरी हे करायचं तर गॅलरीतला फरशीचा कोपरा चालतो. जिना आणि दार मात्र टाळावं, कारण पेटलाच तर बाहेर पडायची वाट तीच असते.

मिठाच्या पाण्यात बॅटरी बुडवून ठेवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. घरी तो पाळू नये. खारट पाण्यात टोकांपाशी हायड्रोजन सुटतो, धातूची टोकं गंजतात, आणि गंजून जोड तुटला की चार्ज आतच अडकून राहतो. बॅटरी निर्जीव झाली असं वाटतं, प्रत्यक्षात ती तशी नसते. शिवाय ते पाणी दूषित होतं, ते ओतायचं कुठे?

अनेक दुकानांत काउंटरखाली पुठ्ठ्याचं खोकं असतं आणि निघालेल्या सगळ्या बॅटऱ्या, चांगल्या-फुगलेल्या, त्यातच पडतात. खोकं भरलं की भंगारवाला नेतो. घरातली बॅटरी तर जुन्या रिमोटच्या सेलबरोबर सुक्या कचऱ्यात जाते. तिथून घंटागाडी, गाडीतली दाबण्याची यंत्रणा, आणि मग वर्गीकरणाचं शेड. पुण्यात २००८ पासून महापालिकेबरोबर काम करणारी 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या १९९३ सालच्या संघटनेतून ती उभी राहिली. या कामात बहुसंख्य बाया आहेत आणि त्या कचरा हाताने वेगळा करतात. दाबलेल्या पिशवीत फुगलेला सेल आहे हे त्यांना कळायचा काहीही मार्ग नसतो. बॅटरी टाकणारा सुटतो आणि धोका त्यांच्या हातावर येतो. हे अन्यायाचं आहे आणि थांबवता येण्यासारखंही आहे.

कायदा याच बाजूने उभा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले. आधीचे २००१ चे नियम शिशाच्या बॅटरीपुरते होते. नव्यांत लिथियमसकट सगळे प्रकार आले. बॅटरी परत घेऊन तिचं पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. ग्राहकालाही त्यांत कर्तव्य आहे : बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही, संकलन किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यायची. बॅटरीवर छापलेलं, फुली मारलेल्या चाकांच्या डब्याचं चित्र तेच सांगतं.

योग्य हातात पोचलेला सेल वाया जात नाही. उत्तराखंडात रुडकीला असलेल्या 'अटेरो'सारख्या कारखान्यांत हे काम चालतं. या उद्योगातली पद्धत साधारण अशी : बॅटरीचा चार्ज नियंत्रित पद्धतीने उतरवला जातो आणि ती प्राणवायू नसलेल्या वातावरणात किंवा पाण्याखाली दळली जाते. चाळणीतून तांबं आणि ॲल्युमिनियम वेगळं होतं. उरते ती काळी भुकटी. धंद्यातले लोक तिला 'ब्लॅक मास' म्हणतात. ती आम्लात विरघळवून कोबाल्ट, निकेल, लिथियम यांचे क्षार मिळवले जातात. फोनच्या बॅटरीच्या कोरड्या वजनापैकी २०२६-२७ पासून किमान ९० टक्के माल परत मिळवावा, असं नियमांनी ठरवलं आहे.

मधली कडी मात्र कच्ची आहे. ई-कचऱ्याच्या पेट्या धडधाकट फोन आणि चार्जर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. फुगलेली बॅटरी त्यात टाकणं म्हणजे पेटीच पेटवण्याची सोय. कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र हा आजचा सगळ्यात भरवशाचा पत्ता. आधी फोन करून "बॅटरी फुगलेली आहे" असं स्पष्ट सांगावं आणि डब्यासकट ती हातातून हातात द्यावी. प्रत्येक प्रभागातल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर वाळूचं एक लोखंडी पिंप, त्यावर मराठीतली ठळक पाटी आणि ते ठरावीक दिवशी उचलणारी गाडी, एवढी व्यवस्था महापालिकांना सहज परवडेल. बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांवर कायद्यानेच जबाबदारी आहे, तेव्हा त्या पिंपाचा खर्च त्यांच्याकडून घ्यायला हवा.