सूर्यास्तापूर्वीचा एक फोन

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. बोरिवली येथे विराजमान असलेल्या साध्वीजींच्या दर्शनास मी पालघरहून सकाळी एकटाच गेलो होतो. परतताना विरारला डहाणूची गाडी मिळाली, बसावयास जागाही मिळाली. परंतु मुसळधार पावसामुळे वैतरणा आणि सफाळे यांच्या दरम्यान गाडी थांबली ती थांबलीच. बाहेर झाडी, पाणी आणि दाटत चाललेला काळोख. घरी कळवावे म्हणून खिशातून फोन काढला, तर त्याचा पडदा काळा ठिक्कर. सकाळी घरातून निघताना त्यात ८० टक्के बॅटरी होती. जाताना एक प्रवचन पाहिले, येताना दुसरे, आणि मधल्या वेळात समाजाच्या गटावर आलेली सारी छायाचित्रे.

समोर तारापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळीस निघालेला एक तरुण बसला होता. "काका, माझ्या फोनवरून लावा," असे म्हणून त्याने आपला फोन पुढे केला. तो हातात घेतला आणि माझ्या ध्यानात आले, की पत्नीचा क्रमांकच मला पाठ नाही! बँकेत असताना कितीतरी ग्राहकांचे खातेक्रमांक मी न पाहता सांगत असे. घरचा जुना दूरध्वनी तर केव्हाच काढून टाकलेला. मी फोन परत केला आणि गप्प बसलो.

घरी पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पत्नीचा चौविहार असतो. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. ताट वाढून झाकलेले होते, तसेच होते. "अहो, आता याल, मग याल, म्हणून थांबले. तोवर दिवस मावळला," एवढेच ती म्हणाली. तिची मधुमेहाची एक गोळी सायंकाळच्या जेवणानंतरची. जेवण नाही, म्हणून गोळीही नाही. सकाळी नवकारशीची वेळ होऊन तिने पाणी घेईपर्यंत मला झोप लागली नाही. "मला उशीर होईल, तू जेवून घे," हे एक वाक्य पोहोचले असते, तरी पुरे होते.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो. आयुष्यभर जमाखर्च पाहिला. आता फोनचा पाहावा असे ठरविले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

खर्च नेमका कोठे होतो?

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये 'सेटिंग्ज' उघडून 'बॅटरी' या विभागात गेले, की कोणत्या ॲपने किती टक्के बॅटरी वापरली याची यादी दिसते. हे आपले खाते उताऱ्याचे पान समजावे. उपाय करण्यापूर्वी दोन-तीन दिवस हे पान वाचावे. कारण प्रत्येकाचा खर्च वेगळा असतो. माझ्या यादीत पहिला क्रमांक चित्रफितींचा निघाला, दुसरा निरोपांच्या ॲपचा.

सर्वसाधारणपणे सर्वांत मोठा खर्च पडद्याच्या उजेडाचा. उन्हात दिसावे म्हणून आपण ब्राइटनेस पूर्ण वाढवितो आणि घरात आल्यावर कमी करण्यास विसरतो. 'अडॅप्टिव्ह ब्राइटनेस' चालू ठेवल्यास फोन सभोवतालचा प्रकाश पाहून हे काम स्वतःच करतो. 'स्क्रीन टाइमआउट' म्हणजे वापर थांबल्यावर पडदा विझण्याचा अवधी. तो ३० सेकंदांवर ठेवावा. पडदा सतत वेळ दाखवीत असेल, तर ते 'ऑलवेज ऑन डिस्प्ले' बंद करावे. काही फोनचा पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलतो. वाचणे आणि बोलणे एवढेच काम असेल तर ६० पुरते.

'डार्क थीम'विषयी एक खुलासा आवश्यक आहे. ओलेड प्रकारच्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, म्हणून काळा भाग जवळजवळ वीज घेत नाही आणि बचत खरी होते. एलसीडी पडद्यात मागील दिवा सतत जळतच असतो. तेथे काळ्या रंगाने डोळ्यांना बरे वाटेल, पण बॅटरी फारशी वाचणार नाही. आपला पडदा कोणता, हे फोनच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते.

आपल्या परिसरातील एक विशेष खर्च

दुसरा मोठा खर्च डोळ्यांना दिसत नाही. फोन सतत मनोऱ्याशी बोलत असतो. मनोरा दूर असेल किंवा मध्ये डोंगर आणि झाडी असेल, तर फोनला अधिक जोर लावून बोलावे लागते. दूर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारताना आपण लावतो तसा. डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली आणि आपल्यापैकी शेकडो लोक रोज हा प्रवास करू लागले. विरार सोडल्यावर मधल्या टप्प्यात संदेशवहन क्षीण होते, त्या वेळी चित्रफीत पाहणे म्हणजे दुहेरी खर्च. जव्हार-मोखाड्याच्या घाटातही तोच अनुभव येतो.

यावर उपाय सोपा आहे. जेथे रेंज नाही आणि कोणाचा फोन येण्याची अपेक्षाही नाही, तेथे 'एअरप्लेन मोड' चालू करावा. प्रवचन ऐकावयाचे असेल तर घरी वाय-फायवर आधी उतरवून घ्यावे आणि पडदा बंद ठेवून ऐकावे. भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. परंतु जेथे तिची रेंज येते-जाते, तेथे फोन एकसारखा ४जी आणि ५जी यांमध्ये येरझारा घालतो. अशा ठिकाणी नेटवर्कच्या पसंतीत ४जी ठेवणे हिताचे.

तिसरा खर्च न मागता केलेल्या कामांचा. निरोपांच्या ॲपमध्ये छायाचित्रे आणि चित्रफिती आपोआप उतरविण्याची सोय असते. ती बंद करावी. सुप्रभाताच्या फुलांची पन्नास चित्रे न पाहताच फोनमध्ये साठविण्यात ना पुण्य ना सोय. 'लोकेशन'ची परवानगी प्रत्येक ॲपला 'वापरताना पुरती' द्यावी. अनावश्यक नोटिफिकेशन बंद करावीत, कारण प्रत्येक सूचना पडदा उजळविते. मात्र पच्चक्खाणाची वेळ सांगणारे ॲप, औषधाची आठवण आणि कुटुंबीयांनी सुरक्षिततेसाठी पाहावयाचे लोकेशन यांना हात लावू नये. काटकसर करताना घरातील दिवा कोणता आणि रोषणाई कोणती, हे ओळखावे लागते.

एक गैरसमजही दूर करतो. सर्व ॲप बोटाने वर सारून पुन्हा पुन्हा बंद केल्याने बॅटरी वाचते असे अनेकांना वाटते. बहुधा उलटेच होते. तेच ॲप पुन्हा आरंभापासून उघडण्यास अधिक शक्ती लागते. पार्श्वभूमीवरील ॲप आवरण्याचे काम फोनची प्रणाली स्वतः करते. अँड्रॉइडमध्ये २०१८ पासून 'अडॅप्टिव्ह बॅटरी' ही सोय आहे. ती चालू असल्याची खात्री करावी म्हणजे झाले.

'बॅटरी सेव्हर' २० टक्क्यांवर आपोआप सुरू होईल असे ठरवून ठेवावे. तो चालू असताना काही निरोप आणि ईमेल उशिरा येऊ शकतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

दिवसाचा खर्च आणि बॅटरीचे आयुष्य

येथवरचा विचार एका दिवसाचा झाला. बॅटरीचे आयुष्य हा त्याहून मोठा हिशेब आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या निर्मितीचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी वर्षे मोजते तशीच आवर्तनेही मोजते. शंभर टक्के शक्ती वापरली, की एक आवर्तन पूर्ण. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरली, तरी मिळून एकच. ॲपल कंपनीच्या सांगण्यानुसार आदर्श परिस्थितीत आयफोन १४ आणि त्यापूर्वीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी तिची रचना आहे. आयफोन १५ पासून हा आकडा १००० झाला.

आता गणित मांडून पाहू. रोज एक पूर्ण आवर्तन खर्च झाले, तर ५०० आवर्तने दीड वर्षाच्या आतच संपतात. वर सांगितलेल्या उपायांनी रोजचा खर्च निम्मा झाला, तर तीच ५०० आवर्तने पावणेतीन वर्षे पुरतात. म्हणजे पडद्याचा उजेड कमी करण्याचा लाभ केवळ सायंकाळपुरता नाही.

आयुष्य घटविणारे दोन शत्रू आणखी आहेत: उष्णता आणि टोके. तळाशी शून्य आणि माथ्यावर शंभर, या दोन्ही टोकांना बॅटरीवर ताण येतो. साधारण २० ते ८० टक्क्यांमध्ये ती सुखाने नांदते. अनेक फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय आहे. दिवसभर घरीच असणाऱ्यांनी ती अवश्य वापरावी. लांबच्या प्रवासाला निघताना मात्र निःशंकपणे शंभर करावे. पूर्ण रिकामी करून मगच भरावी, हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता. तो आता विसरावा.

बोईसरच्या भर उन्हात दुचाकीच्या दांडीवर लावलेला फोन किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत राहिलेला फोन किती तापतो, हे हात लावून पाहावे. चार्ज होताना फोन उशीखाली तर कधीच ठेवू नये. उष्णतेला वाट मिळत नाही आणि आगीचाही धोका असतो. बॅटरी फुगून फोनचे मागील झाकण उचलले गेलेले दिसल्यास फोन वापरणे त्वरित थांबवून तो सेवा केंद्रात न्यावा.

जुन्या पेशामुळे एक सावधगिरी सांगणे कर्तव्य समजतो. 'बॅटरी वाढवा' म्हणणारी परकी ॲप घेऊ नयेत. दूरध्वनीवरून कोणी 'सेटिंग्ज दुरुस्त करून देतो' म्हणून फोनचा ताबा देणारे ॲप घेण्यास सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. सार्वजनिक ठिकाणच्या यूएसबी चार्जिंगमधून माहिती चोरीला जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या आपल्या पुस्तिकेत दिला आहे. म्हणून स्वतःचा चार्जर वा पॉवर बँक जवळ बाळगावी. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

वीज किती वाचते?

आपल्या शेजारी तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होत आहे, म्हणून विजेचाही हिशेब मांडला. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. वाटेतील गळती धरून २५ म्हणू. एका युनिटात हजार वॉट-तास असतात. म्हणजे एका युनिटात असा फोन ४० वेळा भरेल. रोज एकदा भरला, तरी वर्षाला नऊ-दहा युनिटे. तेव्हा विजेच्या बिलासाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

खरा प्रश्न वस्तूचा आहे. बॅटरी थकली की आपण बॅटरी बदलत नाही, फोन बदलतो. नव्या फोनसाठी पुन्हा लिथियम, कोबाल्ट आणि तांबे भूमीतून उपसले जाते आणि जुना फोन कपाटाच्या खणात पडतो. आपल्या घरी असे चार फोन निघाले. अपरिग्रहावरील प्रवचन पाहण्यासाठी पाचवा घेण्याच्या विचारात मी होतो! अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घेतली, तर सुस्थितीतील फोन आणखी काही वर्षे चालतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन केंद्राकडे द्याव्यात. कचऱ्याच्या ढिगात पेटलेल्या एका बॅटरीने किती जीवांची हिंसा होते, हे वेगळे सांगावयास नको.

कागदाची एक चिठ्ठी

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा कितीतरी कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढल्या. २८ मे २०२४ रोजी पालघर स्थानकात मालगाडीचे डबे घसरले आणि मुंबई-गुजरात मार्गावरील वाहतूक विस्कळीत झाली. अशा वेळी फोनमधील १५ टक्के ही सुखसोय नसते. लोकलचे तिकीटही आता पुष्कळांच्या फोनमध्येच असते आणि ते दाखविता आले पाहिजे. म्हणून बँकेतील किमान शिलकीप्रमाणे मी १५ टक्के राखून ठेवतो. त्याखाली बोलणे आणि कळविणे एवढेच.

आता सकाळी ८० टक्के घेऊन निघालो, तर सायंकाळी ४० ते ४५ टक्के उरतात. फोन तोच आहे. सामायिकाची ४८ मिनिटे तो एअरप्लेन मोडवर असतो. त्याने बॅटरी फारशी वाचत नाही, पण सामायिक होते.

याखेरीज दोन गोष्टी केल्या, त्यांना सेटिंग्ज लागत नाहीत. खिशातील पाकिटात घरच्या तीन क्रमांकांची चिठ्ठी ठेवली. पत्नीचा क्रमांक तर पाठच केला. आणि घरात ठरविले, की सूर्यास्तापूर्वी अर्धा तास माझा फोन आला नाही, तर तिने वाट न पाहता जेवून घ्यावे आणि गोळी घ्यावी. परवा पुन्हा गाडीला उशीर झाला. फोन लागला. ती म्हणाली, "माझे जेवण झाले. तुम्ही सावकाश या."