नववीनंतरचं ताट

शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत गेलं की दुपारची ती खिचडी बंद. ज्या वयात हाडं झपाट्यानं वाढतात, भूक खवळते, मुलींची पाळी सुरू झालेली असते, नेमक्या त्याच वयात पोरांचं सगळं खाणं घरावर येऊन पडतं. आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरांत माणसं एका वेळी जेवायला सापडणं हेच अवघड.

ऑक्टोबरात चिखली-मेहकरकडे सोयाबीन सोंगणीला आलं की आई सकाळीच भाकरी बांधून शेतात जाते. पाठोपाठ जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात कपाशीची वेचणी. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर विजेची लाइन बरेचदा रात्रीची, म्हणून बाप बॅटरी घेऊन विहिरीवर. उभ्या पिकात रोही, रानडुकरं शिरतात, त्यामुळे जागलही आलीच. पोरगं सकाळच्या एसटीनं तालुक्याला जातं, शाळा आणि क्लास उरकून दिवेलागणीला परततं. चार माणसांच्या घरात चार वेळा ताट वाढलं जातं आणि प्रत्येक जण एकटा जेवतो.

यात बिघडतं काय? अमेरिकेतल्या मिनेसोटात 1998-99 साली 4,746 शाळकरी मुलांना याबद्दल विचारलं गेलं. आठवड्यातून जेमतेम दोनदा किंवा त्याहून कमी वेळा घरच्यांसोबत जेवणारी मुलं साधारण एक तृतीयांश निघाली. जी मुलं जास्त वेळा सोबत जेवत, त्यांच्या खाण्यात फळं, भाज्या जास्त आणि बाटलीबंद गोड पेयं कमी होती. पण 2012 साली मुसिक आणि मायर या दोन महिला संशोधकांनी मुलांच्या मनावरचे आणि वागण्यावरचे परिणाम नीट तपासले, तेव्हा दिसलं, की पंगतीच्या नावावर जमा केलेल्या फायद्याचा मोठा भाग मुळात घरातल्या नात्यांचा होता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. नुसतं शेजारी बसवून काही साधत नाही. आईबाप पोराशी कसे वागतात, ते त्या ताटावर उतरतं.

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात आईबापांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या. एक, धाकच धाक. दुसरी, मागेल ते देणं. तिसरीत नियम पक्का असतो, पण त्यामागचं कारण सांगितलं जातं आणि पोराचं ऐकूनही घेतलं जातं. मिनेसोटाच्याच पाहणीत पुढं आढळलं, की तिसऱ्या तऱ्हेच्या घरांत एकत्र जेवणं जास्त होतं.

आपल्याकडे पहिल्या दोन्ही तऱ्हा एकाच घरात सापडतात. बाप घास तोंडात असतानाच विचारतो, ‘‘चाचणीत किती पडले? त्या पाटलाच्या पोराले किती?’’ दोन दिवस हे झालं की तिसऱ्या दिवशी पोरगं म्हणतं, ‘‘मले भूक नाही.’’ मग आई मागल्या दारानं दहा रुपये देते आणि स्टँडवर वडापाव खाल्ला जातो. किंवा ताट घेऊन पोरगं खोलीत, समोर मोबाइल. मोबाइल ठेव म्हणणाऱ्या बापाचा स्वतःचा फोन ताटाशेजारीच वाजत असतो. मार्कांची गोष्ट जेवणाआधी किंवा नंतर काढावी, जेवताना काढूच नये. आणि फोनचा नियम मोठ्यांपासून लागू करावा.

मुलींचं मात्र याहून वेगळं आहे, आणि त्यावर बोलायलाच हवं. घर ‘सोबत’ जेवायला बसतं तेव्हा तेरा-चौदा वर्षांची मुलगी चुलीपाशी आईच्या हाताखाली भाकरी भाजत असते. पुरुषांचं उरकल्यावर मायलेकी बसतात. तोवर वरणाचं पातळ पाणीच उरतं, भाजी संपलेली असते, मग ठेचा आणि तेल. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 10 ते 19 वयाच्या मुलींपैकी 40 टक्के रक्तक्षयी आढळल्या. मुलांत हे प्रमाण 18 टक्के होतं. पाळीत जाणारं रक्त हे त्याचं एक कारण आहे. पण ज्या शरीराला लोहाची गरज जास्त, त्याच्याच वाट्याला उरलंसुरलं यावं, हा आपण लावलेला क्रम आहे. तो बदलायला सरकारी योजना लागत नाही. भाकरी आधी करून टोपल्यात झाकाव्या, भाजी सगळ्यांच्या वाट्यांत आधीच वाढावी आणि सगळ्यांनी एकदम बसावं. मेथी, चवळी, हरभऱ्याची भाजी आपल्या शेतात असते. वर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा टाळावा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं.

वेळेचं काय? रात्रीचंच जेवण धरून बसायची गरज नाही. हंगामात सकाळी सहाची न्याहारी सोबत होऊ शकते. लाइन दिवसाची असलेल्या आठवड्यात रात्रीचं जमतं. जी मुलं शिकायला बुलढाण्यात किंवा खामगावात खोली करून राहतात आणि ज्यांचा डबा गावाकडून एसटीनं येतो, त्यांना शनिवारी रात्री घरी बोलवावं; त्या दिवशी अभ्यासाची चौकशी एकदाही करू नये. आणि पोरगा सोळाचा झाला असेल तर त्याला पीठ मळायला, तव्यावर भाकरी उलटायला बसवावं. बहिणीला ताटावर लवकर आणायचा याहून जवळचा रस्ता मला तरी ठाऊक नाही.